पहिला एम्पायर, दुसरा एम्पायर आणि आमची पिलबाग

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कॉम्प्युटर गेमवर लेख आला होता तो वाचला, दोनदा वाचला, आणि राहवेना म्हणून हे लिहायला घेतलंय. लेखकाचं म्हणणं असं की गेमचा दुसरा भाग म्हणजे पहिल्यालाच नवीन चुना मारून परत विकायचा धंदा. आणि उदाहरण कोणाचं दिलंय तर एज ऑफ एम्पायर्सचं. दुसऱ्या कुठल्या गेमचं दिलं असतं तर मी गप्प बसलो असतो, मला बाकीच्यातलं कळतही नाही, पण एम्पायरचं नाव घेतलं म्हणून बोलणं आलं. वर दुसरा भाग २००१ साली आला असंही छापलंय. तो १९९९ साली आला, पहिला १९९७ ला. एवढं तरी बघून छापायला पाहिजे होतं.

मी रावेर तालुक्यातला केळीवाला माणूस. गेमबिम खेळणारा वाटत नाही, पण १९९९ ते २००२ जळगावला बी.एस्सी.ला होतो आणि त्या तीन वर्षांत प्रॅक्टिकलला जेवढा बसलो नसेन तेवढा सायबर कॅफेत बसलो. स्टेशनजवळच्या गल्लीत वरच्या मजल्यावर कॅफे होता, तासाला २० रुपये, आठ मशीन. त्यातल्या दोन इतक्या जुन्या की त्यांना आम्ही म्हातारे म्हणायचो. दुसऱ्या भागाला ३२ एमबी रॅम लागायची, ती त्यांच्यात नव्हती, म्हणून त्यांच्यावर फक्त पहिला भाग. जो उशिरा पोचेल त्याच्या नशिबी म्हातारा. मी बऱ्याचदा उशिरा पोचायचो कारण माझी रूम लांब होती. त्यामुळे एका संध्याकाळी पहिला आणि दुसऱ्या संध्याकाळी दुसरा असं आलटून पालटून मी दोन्ही खेळलोय, लेखकासारखं नुसती चित्रं बघून बोलत नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गावठाण, तीन गडी, आजूबाजूला जंगल. धान्य, लाकूड, सोनं, दगड गोळा करायचं, घरं बांधायची, माणसं वाढवायची, एका युगातून पुढच्या युगात जायचं आणि शेवटी समोरच्याचं गाव पाडायचं. पहिल्या भागात अश्मयुगापासून लोहयुगापर्यंत, म्हणजे इजिप्त, बॅबिलोन, ग्रीक वगैरे १२ लोक. दुसऱ्यात रोम पडल्यानंतरची हजारेक वर्षं, १३ लोक. दोन्ही डॅलसच्या एन्सेंबल स्टुडिओजने केले आणि दोन्हींच्या आतलं इंजिन, म्हणजे गेम ज्याच्यावर चालतो तो गाभा, एकच, त्याला जिनी म्हणतात.

आता ही इंजिन एकच असण्याची गोष्ट लेखकाने दोष म्हणून सांगितलीय. इथेच माझं वाजतं. आमच्याकडे केळीचा पहिला घड कापला की बाग उपटून टाकत नाहीत. त्याच कंदाला पिलं फुटलेली असतात, त्यातलं एक जोमदार पिल ठेवायचं, बाकीची विळ्याने कापत राहायची, आणि त्या एका पिलावर दुसरं पीक घ्यायचं. ही पिलबाग. बेणं नवं नाही, नांगरट नाही, मुळं आधीच खाली गेलेली, म्हणून लवकर निसवते, म्हणजे घड लवकर बाहेर पडतो. याला कोणी फसवणूक म्हणत नाही. पण कुठलं पिल ठेवायचं आणि कुठली कापायची हे चुकलं तर पिलबाग फसते, घड दोन हातात मावेल एवढा येतो. दुसऱ्या एम्पायरवाल्यांनी पिल कुठलं ठेवलं आणि कापलं काय, प्रश्न एवढाच आहे.

शेतीपासूनच सुरू करतो, कारण माझं लक्ष तिकडेच जाणार. पहिल्या भागात शेताला ७५ लाकूड लागायचं, त्यातून २५० धान्य निघायचं आणि शेत संपायचं. संपलं की संपलं, कोणी सांगायचं नाही. गडी तिथेच हात हलवत उभा. तुम्ही तिकडे लढाईत गुंतलेले, इकडे सहा शेतं संपून सहा गडी उभे, आणि धान्य शून्य झाल्यावर तुम्हाला कळणार. आमच्यात एक अमळनेरचा पोरगा होता, त्याचं काम म्हणजे स्वतः न खेळता मागे उभं राहून दुसऱ्याचा स्क्रीन बघायचं आणि ओरडायचं, ‘‘भो, तुना गडी उभाच शे!’’ त्याला त्याबद्दल आम्ही चहा पाजायचो. दुसऱ्या भागात काय केलं, तर रिकामा बसलेला गडी शोधायचं एक बटणच दिलं. दाबलं की कॅमेरा थेट त्याच्यावर. अमळनेरकराचा चहा बंद झाला. पुढे २००० साली कॉन्करर्स नावाची जोड, म्हणजे मूळ गेमला लावायची पुरवणी, आली त्यात पिठाच्या चक्कीवर शेतांचं लाकूड आगाऊ भरून ठेवायची सोय झाली, आणि २०१९ च्या नव्या आवृत्तीत तर शेत आपोआप परत पेरलं जातं. म्हणजे एक कटकट कमी करायला त्यांनी वीस वर्षं घेतली, पण शेत मुळातून काढून टाकलं नाही. पेरायचं, संपायचं, परत पेरायचं, हे तसंच राहिलं.

दुसरं एक, पहिल्या भागात सगळे गडी पुरुषच. एकही बाई नाही. दुसऱ्या भागात गावात बायाही आल्या. हे बघून मी तेव्हाच म्हटलं होतं की पहिल्या भागवाल्यांनी कधी शेत बघितलेलं नाही. बायांशिवाय कापूस वेचून दाखवा म्हणावं.

माणसं तयार करायचीही तीच तऱ्हा होती. पहिल्या भागात आधी एक गडी सांगायचा, तो तयार झाला की परत गावठाणावर जाऊन दुसरा सांगायचा. एका वेळी एक. दुसऱ्यात पाच सांगून ठेवा, तो एकामागून एक काढत राहील. (खरं म्हणजे १९९८ ला पहिल्याच भागाची राइज ऑफ रोम नावाची जोड आली त्यात ही रांग आली होती, पण आमच्या कॅफेत ती सीडी नव्हती. त्या काळात कॅफेतल्या सीड्या कशा असायच्या ते संपादक साहेब तुम्हालाही माहीत असेल, त्यावर जास्त बोलत नाही.)

पण खरा फरक दरवाजाचा. हे लेखकाने पाहिलंच नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्या भागात तटबंदी बांधता यायची पण तिला दरवाजाच नव्हता. खरंच नव्हता. भिंत म्हणजे भिंत. एकतर फट सोडा नाहीतर कोंडून घ्या. आमचा एक मित्र, भडगावकडचा, त्याने एकदा पाऊण तास खपून गावाभोवती पूर्ण भिंत घातली, आत तीस माणसांचं सैन्य उभं केलं, आणि मग लक्षात आलं की सैन्य बाहेर काढायला वाटच नाही. शेवटी स्वतःच्याच गोफणगाड्यांनी स्वतःची भिंत फोडली, दगड स्वतःच्याच घोडेस्वारांवर पडले, अर्धे तिथेच मेले. डिलीटचं बटण दाबून भिंतीचा एक तुकडा काढता येतो हे आम्हाला पुढच्या वर्षी कळलं.

दुसऱ्या भागात दरवाजा आला. आपला माणूस आला की उघडतो, मित्राच्या बाजूचा आला तरी उघडतो, शत्रू आला तर बंद. ऐकायला साधी गोष्ट आहे, पण दरवाजा आला म्हणजे त्याच्यामागोमाग काय काय येतं बघा.

दोन्ही भागांत नकाशा आपला आपण बनवायची सोय होती. आमच्या रावेरहून बऱ्हाणपूर जवळ, आणि त्याच्या पुढे असीरगड, लहानपणापासून बघितलेला. खानदेशच्या फारुकी सुलतानांचा गड, अकबराने १६०१ साली घेतला तो. म्हटलं हा गेममध्ये बांधायचा. आधी म्हाताऱ्यावर पहिल्या भागात बांधून बघितला, डोंगर जमला, भिंत जमली, पण दरवाजा नाही म्हटल्यावर तो गड कसला, नुसता गोठा दिसायला लागला. मग दोन रविवार दुसऱ्या भागात घालवले. असीरगड एकात एक तीन टप्प्यांचा आहे, खाली मलयगड, मग कमरगड, वर मुख्य गड. तसे तीन तट घातले, तीन दरवाजे, कडे उभे केले, वरती तीन किल्ले. मग रविवारी सगळे बसलो, तिघं गडावर, तिघं अकबराकडून. मी गडावर.

खरा असीरगड महिनोनमहिने झुंजला. आमचा पडला २५ मिनिटांत, आणि तोही हल्ल्याने नाही. आमच्यातला जो एक पोरगा खालच्या दरवाजावर होता त्याला समोरच्यांनी कचोरीची प्लेट कबूल केली होती. त्याने काय केलं, स्वतःचा एक घोडा नेऊन बरोबर दरवाजाच्या खाली उभा केला. आपला घोडा मध्ये उभा असला की दरवाजा लागत नाही. आम्ही वरती तटावर तिरंदाज मोजतोय आणि खालून अकबराचे चाळीस घोडे कोणी दार ठोठावल्याशिवाय आत. मी ओरडलो दरवाजा लाव, तर हा म्हणतो लागत नाही रे भो, बहुतेक बिघडला. खऱ्या असीरगडावरही तोफांपेक्षा सोन्याने जास्त काम केलं असं सांगतात, आमच्याकडे कचोरीने केलं. आता सांगा, पहिल्या भागात ही फितुरी कशी करणार होता? दरवाजाच नाही तर फितूर उघडणार काय?

चुना मारणं वेगळं आणि दरवाजा बसवणं वेगळं. चुन्याने घर पांढरं दिसतं. दरवाजा बसवला की घरातल्या माणसांची वागणूक बदलते.

घंटेचंही तसंच आहे. माझे आजोबा सांगायचे की त्यांच्या आज्याच्या वेळी पेंढारी येताहेत अशी हाकाटी झाली की सगळं गाव कामं टाकून गढीत शिरायचं. आमच्या भागात बऱ्याच गावांना अजून पडक्या गढ्या आहेत, पोरं तिथे क्रिकेट खेळतात. पहिल्या भागात गढी नव्हती, शत्रू आला की गडी शेतातल्या शेतात मरायचे आणि तुम्ही बघत बसायचं. दुसऱ्या भागात गावठाणावर घंटा दिली. वाजवली की सगळे हातातलं टाकून आत पळणार, आतून बाण मारणार, आणि शत्रू गेल्यावर परत वाजवली की जो तो बरोबर आपापल्या कामावर. पहिल्यांदा ही घंटा वाजवली तेव्हा मला आजोबाच आठवले, आणि ज्या कोणी डॅलसमध्ये बसून हे सुचवलं त्याने आमच्यासारखीच एखादी गोष्ट ऐकलेली असणार असं वाटलं.

बाकी मग प्रत्येक लोकांची आपली एक खास फौज आली, बाजार आला ज्यात लाकूड विकून धान्य घेता येतं (आणि भाव आपल्याच खरेदीने चढतो, विक्रीने पडतो, हे केळीवाल्याला कोणी शिकवायला नको), भालाईत घोड्याला भारी हा हिशोब पक्का झाला, सैन्य रांगेत चालायला लागलं. पहिल्या भागात सैन्य म्हणजे बसस्टँडवर गाडी लागल्यावर पब्लिक धावतं तसं. एकाला दुसरा आडवा आणि अर्धे झाडात अडकलेले.

एवढं सगळं बोललो म्हणून पहिला भाग टाकाऊ होता असं माझं म्हणणं नाही, उलट एका बाबतीत मी अजून पहिल्याच्या बाजूचा आहे. पहिल्यात एकूण माणसं ५०. बस. त्या पन्नासात गडी किती आणि शिपाई किती ते तुम्ही ठरवा. त्यामुळे एक एक माणूस मोलाचा, एक गडी सिंहाने खाल्ला तरी जीव हळहळायचा, सिंह म्हणजे खरोखर रानातला सिंह, पहिल्यात तो फिरायचा. दुसऱ्यात २०० पर्यंत माणसं करता येतात, मग वीस मेले काय नि चाळीस मेले काय, परत बटण दाब. शिवाय पन्नासांची लढाई तासाभरात आटपायची, दोनशेची तीन तास चालायची आणि त्या काळातलं लोडशेडिंग आठवा, जिंकत आलो की नेमकी लाईट जायची. कॅफेवाल्याचा यूपीएस दहा मिनिटं टिकायचा. त्या दहा मिनिटांत एकाने तरी हार मानावी म्हणून जी भांडणं झालीत ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

आणि पहिल्याचा तो पुजारी! काठी वर करून ‘वोलोलो’ म्हणायचा आणि समोरचा शिपाई आपला रंग सोडून त्याचा व्हायचा. दुसऱ्यातही धर्मगुरू आहेत, तेही माणसं वळवतात, वर अवशेष आणून मठात ठेवले की सोनंही मिळतं, पण ती वोलोलोची गंमत नाही. आमच्याकडे कोणी प्रॅक्टिकल सोडून पिक्चरला चलायला तयार झाला की म्हणायचो, वोलोलो झालं याचं. अजूनही एका मित्राला फोन केला की तो हॅलो म्हणत नाही.

लेखकाचा नियम जर कुठे लागूच करायचा तर उलटा लागतो, आणि तो तिसऱ्या भागाला. २००५ ला तिसरा आला. त्यांनी पिल ठेवलंच नाही, कंद उपटून टिश्यूची नवी लागवड केली. दगड काढून टाकला. गडी धान्य तोडतो पण कोठारात नेऊन टाकत नाही, तिथल्या तिथे जमा. म्हणजे माल मार्केटला न नेताच पट्टी हातात! अशी सोय आम्हाला का नाही असं मला फार वाटतं. मग लांबच्या मायदेशातून पत्ते टाकून रसद मागवायची. वाईट नव्हता, दिसायला तर तिन्हीत देखणा, आणि २००७ च्या त्याच्या जोडीत भारतीयही आले, त्यांच्या गड्याला धान्याऐवजी लाकूड पडतं आणि गाई कापायच्या नाहीत, राखायच्या. पण आमच्या ग्रुपमध्ये तो टिकला नाही. चार दिवस सगळ्यांनी वा वा केलं आणि पाचव्या दिवशी परत दुसऱ्यावर. नवीन बागेला लोकांनी नावं ठेवली नाहीत, फक्त त्यांना ती आपली वाटली नाही. २००९ ला तर ती कंपनीच बंद झाली.

आणि दुसरा? तो अजून चालूय. २०१३ ला परत नव्याने काढला, २०१९ ला परत, २०२२ ला त्यात गुर्जर, द्रविड, बंगाली असे वेगवेगळे लोक आले, आधी सगळ्यांना मिळून एकच ‘इंडियन्स’ होतं. राजेंद्र चोळाची मोहीम आहे त्यात. गुर्जरांची एक युक्ती मला फार आवडली, मेंढ्या कापायच्या नाहीत, चक्कीत कोंडून ठेवायच्या आणि बसल्या जागी धान्य चालू. देवगिरीच्या यादवांना मात्र अजून कोणी विचारलेलं नाही आणि आमच्या फारुकींचं तर सोडाच. गंमत म्हणजे २०२३ मध्ये त्यांनी पहिल्या भागाचे जुने लोक उचलून दुसऱ्या भागाच्या आत आणून बसवले, की खेळा आता पहिलाच, पण दुसऱ्याच्या सोयींनी. ज्याला लेखक पहिल्याची नक्कल म्हणतो त्याच्या घरात आता पहिला राहायला आलाय. चौथा भाग २०२१ ला दुसऱ्याच एका स्टुडिओने केला, माझा मुलगा तो खेळतो, त्यात दिल्ली सल्तनत आहे जिला सगळं संशोधन फुकट पण वेळ मरणाचा लागतो, सरकारी कामासारखा. बघायला बसलो होतो एकदा त्याच्याशेजारी. दगड परत आला, गडी परत कोठारात माल टाकायला लागले. तिसऱ्यापेक्षा तो दुसऱ्याचाच जास्त वाटतो. मुलाला हे सांगितलं तर म्हणतो पप्पा तुम्हाला सगळं दुसऱ्यासारखंच दिसतं. असेल.

तर माझी विनंती एवढीच की पुढच्या रविवारी निदान सालाची दुरुस्ती छापावी, आणि लेखकाला कोणीतरी विचारावं की त्यांनी पहिल्या भागात एकदा तरी तटबंदी बांधलीय का. हे पत्र लांबलंय, मागच्या वेळी पीक विम्यावरचं माझं पत्र तुम्ही अर्ध्यावर कापलं होतं, यावेळी कापायचंच असेल तर तिसऱ्या भागाचं कापा, कचोरीचं ठेवा. ज्याने खाल्ली तो तुमचा पेपर वाचतो.

आमच्या फिडरला या आठवड्यात रात्रीची लाईट आहे, तिची वाट बघत हे लिहीत बसलो होतो. आत्ता थ्री फेज आली, ठिबकचे व्हॉल फिरवायला जातो.

आपला,
एक जुना वाचक
ता. रावेर, जि. जळगाव